पोटॅश टाकलं का?

पिंप उघडायच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं, ही रीत बाबांच्या वडिलांनी घालून दिलेली. कोणाचा कोणाशी अबोला असो, कोणाची कंबर धरलेली असो, सकाळी कारखान्याच्या छपराखाली यायचं. लोखंडी पट्टे सुटताना बघायचे, फळ्या एकेक करून बाजूला झाल्या की आत उभा राहिलेला तुरटीचा माणूसभर उंच ठोकळा हात लावून पाहायचा, आणि मगच आपापल्या भांडणाकडे परत जायचं. या घरातली निम्मी भांडणं अशा ठोकळ्यांसमोर मिटली होती. उरलेली निम्मी तिथेच सुरू झाली होती.

म्हणून ताई आदल्या संध्याकाळीच येऊन दाखल झाली होती. लग्न होऊन इतकी वर्षं लोटली, तरी माहेरचं पिंप आपल्यावाचून उघडता कामा नये असं तिला वाटायचं. आणि हे पिंप तर तिनेच लावून दिलेलं.

"तुला काय वाटतं?" स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने विचारलं. "बसलं असेल ना नीट?"

वहिनी चहा गाळत होती. "उघडल्यावर कळेलच," ती म्हणाली.

"तुझं आपलं नेहमीचंच. धड हो नाही, धड नाही नाही."

वहिनीने गाळणं झटकून ठेवलं. तिला माहीत होतं. पिंपात तुरटी नव्हतीच. आत होता तो बॉक्साइट आणि ॲसिड उकळून, गाळून, आटवून केलेला नुसता काढा. त्यात शेवटी पोटॅश पडलं तरच त्याचे खडे धरतात, खड्याला खडा चिकटून पिंपाच्या कडेने हातभर जाड भिंत उभी राहते. पोटॅश पडलं नाही तर वर्षभर ठेवा, पाण्याचं पाणीच. आणि पोटॅश पडलं नव्हतं. ज्यांनी ते टाकायचं त्या बाबांना हे माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती इथे साखरेचा डबा शोधत होती.

वरून बाबांची हाक आली. "सूनबाई, माझा चहा?"

"दिला, बाबा. प्यायलात तुम्ही."

"प्यायलो का? बरं."

ताई हसली. "वय झालं की असंच. आमच्याकडे सासूबाईंचंही हेच चालतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण कारखान्यात पाऊल टाकलं की बघ, एक गोष्ट विसरत नाहीत. हाताला सवय असते ना."

घरातल्या सगळ्यांचा हाच समज होता आणि तो वहिनीनेच मोठ्या कष्टाने वाढवला होता.

बाबा दाढी करून खाली आले. गालावरून तुरटीचा खडा फिरवलेला, त्यामुळे कातडी आवळून चेहरा जरा जास्तच करारी दिसत होता. इस्त्रीचा सदरा, पायांत कारखान्याचे बूट. खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं, "चहा झाला का माझा?"

"झालाच," असं म्हणून वहिनीने दुसरा कप पुढे केला. दर वेळी खरं सांगत बसायचं तर दिवस पुरला नसता.

तिचा नवरा, घरातला थोरला, ज्याला सगळे भाऊ म्हणत, तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, आज हातोडी तुमचीच. बाकी कोणी पुढे येणार नाही. ठरल्याप्रमाणे."

"ठरल्याप्रमाणे," बाबा म्हणाले. त्यांना ते ठरलेलं मात्र चांगलं आठवत होतं.

ठरलं होतं ते असं. पाणीपुरवठा खात्याने कळवून टाकलं होतं की यापुढे ठोकळे नकोत. ठोकळा फोडायचा, भिजवायचा, ढवळायचा, तेव्हा कुठे गढूळ पाण्यातला गाळ खाली बसायचा. एवढी उस्तवार करायला त्यांच्याकडे माणसं उरली नव्हती. त्यांना टँकरमधून नळीने सोडता येईल असा पातळ माल हवा होता. धाकटा म्हणत होता, पिंपं मोडू, टाक्या बसवू. बाबा म्हणत होते, तुरटी म्हणजे खडा, पातळ विकायचं असेल तर दूध विका. भाऊ बाबांसमोर बाबांची बाजू घेत होता आणि धाकट्यासमोर मान डोलवत होता. आता कातडी कमावणारे, कापड रंगवणारे आणि गावातले न्हावी मिळून किती तुरटी घेणार, हे त्यालाही कळत होतं. शेवटी ताईने तोड काढली. बाबांनी एक पिंप पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचं, कोणी हात लावायचा नाही, कोणी बोलायचं नाही. ठोकळा सरळ उभा राहिला तर बाबा आहेत तोवर पिंपांना धक्का नाही. ढासळला तर कारखाना धाकट्याच्या हाती.

कोणी हात लावायचा नाही, हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. वहिनीची मान मात्र हलली नव्हती.

पोटॅश टाकणं हे मालकाचं काम. बाकीच्यांनी मागे सरायचं, मालकाने गोणी उचलून कढईतल्या काढ्यात ओतायची, पाटीवर एक थेंब घेऊन फुंकर मारायची, थेंबात बारीक कण धरले की "बसला" म्हणायचं आणि वाफेने भिजलेला सदरा बदलायला निघून जायचं. दोन वर्षांपूर्वी बाबा गोणी न उचलताच "बसला" म्हणून निघून गेले होते. वहिनी वजनकाट्यापाशी उभी होती. लग्नानंतर त्याच काट्यापाशी बाबांनी तिला उभं केलं होतं, पाटीवरचा थेंब कसा वाचायचा तेही त्यांनीच शिकवलं होतं. बाबा सदरा बदलून येईपर्यंत तिने गोण्या रिकाम्या केल्या. एकदा होतं असं, तिने मनाशी म्हटलं. मग पुढच्या वेळी झालं. मग तिने गोण्या कढईच्या जवळ आणून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे धावपळ नको. बाबा परत यायचे तेव्हा ती काट्यापाशी उभी असायची, पदराने हातांवरची पोटॅशची पूड पुसत.

घरी तेच. शेगडी बंद केली का, दार लावलं का, मोटार कुठे ठेवली. रात्री बाबा उठून चालू लागले की हिने उठायचं. भाऊ गाढ झोपणारा. सकाळी सांगितलं तर म्हणायचा, "तुला उगाच वाटतं. बाबा अगदी खणखणीत आहेत."

या पिंपाच्या वेळीही बाबा "बसला" म्हणून गेले. मुकादम कढईखालचा जाळ कमी करायला पलीकडे गेला होता. गोण्या हाताशी होत्या. वहिनीने पहिल्या गोणीला हात घातला, आणि तिला ती उचलवेना. गोणी काही जड नव्हती. तिला इतका शीण आला होता की क्षणभर तिथेच खाली बसावं असं वाटलं. एकदा दिसू दे सगळ्यांना, तिच्या मनात आलं. एकदाच. तिने गोण्या मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या. काढा पिंपात गेला, वर फळ्यांचं झाकण बसलं. झाकण उचलायचं नाही, हवा लागली की खड्यांची धार जाते, हेही बाबांच्या वडिलांनीच सांगून ठेवलेलं.

छपराखाली सकाळचं ऊन तिरकं आलं होतं. मधोमध ते पिंप, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेलं. फळ्या आतून शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या, बाहेरून रुंद लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. मुकादम त्याच्याभोवती उगाचच दोन फेऱ्या मारून आला. बाबांच्या वयाचा माणूस, पण त्याचं लक्ष आज पिंपापेक्षा आपल्या कानांकडे जास्त होतं. मध्येच तो कानात करंगळी घालून हलवत होता.

धाकटा आधीच येऊन उभा होता. वहिनीला बघून जवळ आला. "वहिनी, एक सांगू? हे पिंप चांगलं निघालं तर मला वाईट वाटणार नाही. त्यांचा एवढा जीव आहे त्यात. टाक्यांचं मी दुसरीकडे बघेन."

"असं का म्हणता, भावजी?"

"कंटाळलो. किती भांडायचं आपल्याच बापाशी."

हे ऐकून वहिनीला रडूच आलं. गेले कित्येक दिवस या माणसाला ती मनातल्या मनात बाबांचा वैरी समजत होती, आणि तो असा नांगी टाकून उभा होता. आता पिंप फसल्याचा आनंदही कोणाला व्हायचा नव्हता.

बाबांनी हातोडी घेतली. रीत अशी की खालचा पट्टा मालकाने सोडवायचा, मग बाकीचे. बाबा वाकले, पट्ट्याच्या पाचरीवर त्यांनी हातोडीचं टोक टेकवून अंदाज घेतला. त्यांच्या मागे ताई, बाजूला भाऊ, सगळे अगदी जवळ. ठोकळा असला की जवळ उभं राहायला काय हरकत? पण आत पिंपभर पाणी होतं, ॲसिडचा अंश असलेलं, आणि पट्टा सुटला की ते सगळं फळ्यांसकट या माणसांवर येणार होतं. इतके दिवस वहिनीने पिंप फसलेलं कसं दिसेल याचाच विचार केला होता. पट्टा सोडवताना पुढ्यात कोण असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी हात उगारला.

"थांबा!" वहिनी ओरडली. "बाबा, थांबा. मागे व्हा सगळे."

"काय झालं?" भाऊ दचकला.

"आत पाणी आहे. पट्टा काढू नका."

बाबा वाकलेले होते ते सावकाश सरळ झाले. "पाणी असतंच पोटात. खालून भोक पाडून काढतो ना आपण."

"तेवढं नाही, बाबा. सगळंच पाणी आहे. पोटॅश पडलेलं नाही."

मग धाकटा शिडी लावून वर चढला, झाकणाची एक फळी सरकवून त्याने बांबू आत घातला. बांबू तळाला जाऊन टेकल्याचा आवाज खालपर्यंत आला. त्याने तो वर काढला, बोटाने पुसून चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "पाणीच आहे."

"मी काल ठोकून बघितलं होतं," मुकादम पुटपुटला. "आवाज भलताच आला. मला वाटलं, माझेच कान गेले."

"पण तुला कसं कळलं?" ताईने वहिनीकडे वळून विचारलं. तिचा प्रश्न साधाच होता, पण तो विचारता विचारताच तिला उत्तर सुचलं असावं. "तू बघितलंस? त्या दिवशी?"

"हो."

"बघितलंस आणि गप्प बसलीस?"

"कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं ना, ताई."

"अगं, ते काय असं? माणूस विसरला तर आठवण द्यायची नाही? आज सगळ्यांदेखत त्यांचं हसं करायला निघालीस?"

"का केलंस?" भाऊचा आवाज चढला. "माझ्या बापाने तुझं काय वाकडं केलंय? तुला धाकट्याच्या टाक्या हव्या होत्या तर सरळ सांगायचंस!"

"भाऊ, मला यात ओढू नकोस," शिडीवरून धाकटा म्हणाला. "मला असलं जिंकायचं नव्हतं."

"मग का? बोल ना!"

वहिनीने खूप उत्तरं तयार करून ठेवली होती. रात्री बाबांना शोधत फिरताना ती स्वतःशीच ती म्हणून बघायची. आता त्यातलं एकही तोंडात येईना.

"दमले मी," ती म्हणाली.

"दमलीस म्हणजे?"

बाबा तोवर पिंपाला हात लावून उभे होते. आता त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पाटीवर थेंब घेतला होता मी. बसला होता."

"बसला म्हणालात, बाबा. बघितला नाहीत."

"आणि मागच्या पिंपाला?"

वहिनीने मान खाली घातली.

"मागचं तर उत्तम उभं राहिलं होतं. खात्याचे लोक हात लावून गेले." बाबा थांबले. "त्याला पोटॅश कोणी टाकलं?"

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"त्याच्या आधीच्या?"

"बाबा, राहू द्या ना," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता.

"आणि ते मोठं, ज्याच्यासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढला?"

"बाबा..."

"सूनबाई, मी विचारतोय."

"ते मी टाकलं," वहिनी म्हणाली. "सगळ्यांना मीच टाकलं. तुम्ही सदरा बदलायला गेलात की." आणि एवढं बोलून तिला फार वाईट वाटलं. पिंप फसलेलं बाबांनी सोसलं असतं. जी उभी राहिली ती आपली नव्हती, हे मात्र ऐकायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

भाऊ बायकोकडे बघत राहिला. तो रागावलेला होता, पण राग कोणावर काढायचा हे त्याला सुचत नव्हतं. "मला सांगायचंस की," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाबा खणखणीत आहेत."

ताईने डोळ्यांना पदर लावला. मग वहिनीजवळ येऊन तिचा दंड धरला आणि तसाच धरून ठेवला.

धाकटा शिडीवरून उतरला. डोकं चालवायचं ते अशाच वेळी, हा त्याचा स्वभाव. "बाबा, ऐका," तो म्हणाला. "यात वाया काही गेलेलं नाही. खात्याला जो पातळ माल हवाय ना, तो हाच. पोटॅशशिवायचा. नळीने टँकरमध्ये भरला की झालं. म्हणजे नव्या मालाचं पहिलं पिंप तुम्हीच केलंत. मुद्दाम केलंत असंच सांगू आपण. मुकादम, काय?"

"हो, मुद्दामच," मुकादम लगेच म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं," भाऊ म्हणाला. हे इतकं उघड खोटं होतं की एरवी कोणी तरी हसलं असतं.

चौघंही आशेने बाबांकडे बघत होते. किती तरी महिन्यांनी पहिल्यांदाच ते सगळे एका बाजूला होते. वहिनीलाही क्षणभर वाटलं, बाबांनी हो म्हणावं आणि सुटावं.

बाबांनी हातोडी उलटसुलट करून पाहिली. "मुद्दाम नाही," ते म्हणाले. "मी विसरलो. विसरलो ते विसरलो, त्याला धंदा म्हणू नका." मग त्यांनी हातोडी धाकट्याच्या हातात दिली. "घे. बसव तुझ्या टाक्या. पण या पिंपात मी तुरटी करायला निघालो होतो. ते पातळ म्हणून जाऊ देणार नाही. सूनबाई, आता पोटॅश टाकलं तर?"

"थंड झालंय सगळं, बाबा. ठोकळा नाही धरायचा. ढवळत ढवळत टाकलं तर तळाला बसेल. पिठासारखं."

"पण तुरटीच ना?"

"तुरटीच."

"मग पीठ तर पीठ," बाबा म्हणाले. "गोण्या कुठे आहेत?"

गोण्या मागच्या खोलीत होत्या, जिथे तिने ठेवल्या होत्या तिथेच. भाऊने त्या पाठीवर वाहून आणल्या. मुकादमाने कढईत पाणी तापवलं, त्यात पोटॅश विरघळवलं. पिंपाला लागून लाकडी माच होता, त्यावर बाबा चढले. वहिनी लांब दांड्याचं वल्हं घेऊन ढवळायला निघाली, तर धाकट्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं. ताईने पदर खोचला आणि बादल्या वर द्यायला उभी राहिली. जन्मात तिने कारखान्यात कुठल्या कामाला हात लावला नव्हता.

पहिली बादली बाबांनी आपल्या हाताने ओतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाणी गढूळ झालं, दुधाळ झालं, आणि वल्ह्याला बारीक कण चिकटून वर येऊ लागले. बाबांनी पाटी मागितली. थेंब घेतला, फुंकर मारली आणि या वेळी पाटी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"बसला," ते म्हणाले.

बादल्या चालू राहिल्या. निम्म्यावर आल्यावर बाबा थबकले, हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघितलं आणि मागे वळले.

"पोटॅश टाकलं का?"

"टाकलं, बाबा," वहिनी खालून म्हणाली.

"बरं."

ताईने पुढची बादली वर दिली. बाबांनी ती घेतली, ओतली, कपाळाचा घाम पुसला.

"सूनबाई, पोटॅश टाकलं का?"

"टाकलं, बाबा."

माचावर बाबांच्या शेजारी भाऊ उभा होता. दोन्ही वेळा त्याने ऐकलं होतं. त्याने खाली बायकोकडे पाहिलं. ती भिंतीलगत एका उपड्या बादलीवर टेकली होती, हात मांडीवर उताणे पडलेले. तिचे हात असे रिकामे त्याने कधी पाहिले असतील, त्याला आठवेना.

बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. वहिनीने सवयीने तोंड उघडलं.

"टाकलं, बाबा," भाऊ म्हणाला. "मी इथेच आहे. मी बघितलं टाकताना."

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुढची बादली घ्यायला वाकले. भाऊने त्यांचा कोपर धरला.

चौथ्यांदा विचारलं तेव्हा धाकट्याने सांगितलं, पाचव्यांदा ताईने. वहिनी तोवर भिंतीला डोकं टेकून झोपली होती.